स्ट्रोकच्या पेशंटचं खाणं-पिणं, कुपोषण आणि वाढत जाणारं बिल: नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम स्ट्रोकच्या म्हणजे पक्षाघात, लकवा, अंगावरून वारं गेलेल्या पेशंटसोबत असतं. एमआरआय, इंजेक्शन, फिजिओ याबद्दल नातेवाईक पहिल्या तासापासून विचारतात, पण पेशंटच्या पोटात आज नक्की किती गेलं हा प्रश्न बऱ्याचदा आठवड्याने येतो आणि तोवर किलो-दोन किलो वजन आणि बरेचसे पैसे गेलेले असतात. सगळ्या उपचारांत जेवण हाच सगळ्यात स्वस्त भाग आहे आणि नेमका तोच सुटतो, म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी लिहून ठेवलेत.

आजार मेंदूचा आहे, मग कुपोषणाचा संबंध कुठे आला?

दोन्ही बाजूंनी आला. एक तर स्ट्रोक झालेल्या साधारण निम्म्या लोकांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही, त्यात उजवा हात चालत नाही, बोलून भूक लागली असं सांगता येत नाही, दिवसभर गुंगी असते, मन खचलेलं असतं, आणि तपासण्यांसाठी पुन्हा पुन्हा उपाशी ठेवलं जातं, म्हणजे आत जाणारं अन्न एकदम कमी होतं. दुसरं म्हणजे आजाराच्या ताणामुळे शरीर स्वतःचे स्नायू तोडून वापरायला लागतं आणि झोपून राहिल्याने ते अजून झपाट्याने झिजतात. ज्या स्नायूंच्या जोरावर पेशंटला उठून बसायचंय, खोकून कफ बाहेर टाकायचाय, तेच कमी होत जातात.

आणि काही लोक मुळातच अशक्त असताना स्ट्रोक होतो. एकटे राहणारे आजोबा, चहा-बिस्किटावर दिवस काढणारी आजी, दात नाहीत म्हणून नुसता भात खाणारे. ह्या लोकांकडे पहिल्या दिवसापासून जास्त लक्ष द्यावं लागतं.

आमचे बाबा तर चांगले भरलेले आहेत, पोट सुटलंय, त्यांना कसलं कुपोषण?

जाड माणूससुद्धा कुपोषित असू शकतो, कारण चरबी आणि स्नायू या वेगळ्या गोष्टी आहेत. पोट तसंच दिसतं पण मांड्या, दंड, खांदे बारीक होत जातात. ८५ किलोच्या माणसाचं दोन-तीन महिन्यांत न ठरवता ८ किलो वजन गेलं तर ती धोक्याची खूण आहे, भले तो अजूनही जाड दिसो. "बरं झालं, वजन कमी करायचंच होतं" असं घरचे म्हणतात तेव्हा मला फार काळजी वाटते, कारण आजारपणात जे वजन जातं त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो.

सलाईन चालू आहे ना, त्यातून ताकद मिळतेय की?

नाही मिळत, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असतं, कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजवाली बाटली असेल तर एक लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे दोनशेच्या आत कॅलरी, साधारण दोन पोळ्यांएवढ्या, आणि प्रोटीन शून्यच. ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५०० ते १८०० कॅलरी लागतात. चार दिवस नुसत्या सलाईनवर असलेला पेशंट म्हणजे चार दिवस जवळपास उपाशी असलेला पेशंट, एवढं लक्षात ठेवा आणि राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा की खाणं किंवा नळीतून फीड कधी सुरू करायचं.

खर्च नेमका कुठे वाढतो? जेवण कमी गेलं म्हणून बिल कसं वाढेल?

बिलात "कुपोषण" अशी ओळ कधीच दिसत नाही, ते दुसऱ्या नावांनी येतं. अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया, त्यात अशक्त पेशंटला जोरात खोकता येत नाही म्हणून कफ साठतो, मग वॉर्डातून परत आयसीयू, भारी अँटिबायोटिक, ऑक्सिजन, रोज एक्सरे. प्रोटीन कमी आणि अंग हाडाळ झालं की कंबरेवर, टाचांना बेडसोर म्हणजे पडून-पडून होणाऱ्या जखमा, मग ड्रेसिंग, एअर बेड, कधी सर्जरी. प्रतिकारशक्ती कमी म्हणून लघवीचं इन्फेक्शन. फिजिओथेरपिस्ट रोज येतो, त्याची फी लागते, पण पेशंट पाच मिनिटांत दमतो, म्हणजे पैसे गेले आणि व्यायाम झालाच नाही. घरी सोडलं की पंधरा दिवसांत परत ॲडमिट. आणि जो खर्च कोणी मोजतच नाही तो म्हणजे मुलाची रजा, सुनेची सुटलेली नोकरी, शेतावर न गेलेला माणूस.

याचा अभ्यासही झालाय. फूड ट्रायल नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास होता, त्यात सुमारे ३००० स्ट्रोकच्या पेशंटची माहिती २००३ मध्ये छापून आली, ॲडमिट होतानाच जे कुपोषित होते त्यांच्यापैकी ३७ टक्के पुढच्या काही महिन्यांत दगावले आणि ज्यांचं पोषण ठीक होतं त्यांच्यात हेच प्रमाण २० टक्के होतं. कुपोषित पेशंटना न्यूमोनिया, इतर इन्फेक्शन आणि पोटात-आतड्यात रक्तस्राव हेही जास्त झालं. लंडनमध्ये पाचशेच्या वर पेशंटवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात कुपोषणाचा धोका जेवढा जास्त तेवढे मृत्यू जास्त, हॉस्पिटलातला मुक्काम लांब आणि खर्चही जास्त असं दिसलं, वय आणि स्ट्रोकची तीव्रता हिशोबात धरूनसुद्धा. ते तिकडचे आकडे आहेत, तिकडे बिल सरकार भरतं. आपल्याकडे जास्तीचा प्रत्येक दिवस बहुतेकांच्या खिशातून किंवा सोनं मोडून भरला जातो.

हे सगळं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांचं झालं. गावाकडे काय?

गावाकडे प्रश्न अजून अवघड आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू तपासले, तेव्हा मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण स्ट्रोक निघालं, साधारण १४ टक्के मृत्यू, म्हणजे दर सात मृत्यूंत एक. स्ट्रोक हा फक्त शहरी, खात्यापित्या घरचा आजार आहे असं मानणाऱ्यांसाठी हा आकडा फार महत्त्वाचा आहे. त्यात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये साधारण पाचातली एक आधीच कमी वजनाची आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. म्हणजे जिथे शरीरात साठा आधीच कमी तिथेच हा आजार येतोय, आणि तिथे स्पीच थेरपिस्ट नाही, आहारतज्ज्ञ नाही. अशा घरांत आशाताई किंवा नर्सताईंनी दंडाचं माप घेतलं आणि गिळण्याबद्दल दोन प्रश्न विचारले तरी फरक पडू शकतो.

गिळता येतंय का हे कसं कळतं? आम्ही चमच्याने पाणी पाजून बघू का?

स्वतःहून बघू नका. तोंडाने काहीही द्यायच्या आधी, गोळीसुद्धा, गिळण्याची तपासणी व्हायला हवी, ती नर्स किंवा डॉक्टर बेडजवळच दहा-पंधरा मिनिटांत करतात आणि शंका आली तर स्पीच थेरपिस्टला बोलावतात. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलण्यासाठी असतात असं लोकांना वाटतं, पण गिळणं हे त्यांचंच काम आहे.

घरी गेल्यावर लक्ष ठेवायच्या खुणा अशा: खाताना-पिताना ठसका लागतो, गिळल्यावर आवाज ओला किंवा घोगरा येतो, घास गालात तसाच राहतो, लाळ गळते, जेवायला तास-तास लागतो, संध्याकाळी बारीक ताप येतो. काही पेशंटना ठसका न लागताच अन्न फुफ्फुसात जातं, म्हणून "ठसका नाही म्हणजे सगळं ठीक" असं समजू नका.

पातळ पाणी गिळायला सगळ्यात अवघड असतं हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पाणी, चहा, सरबत घशात पटकन पुढे जातं आणि वाट चुकतं. थेरपिस्टने दाट द्यायला सांगितलं असेल तर बाजारात थिकनर मिळतो पण महाग पडतो, घरची दाट आंबील, नाचणीचं सत्व, घोटलेलं दही, कुस्करलेलं पिकलेलं केळं हेही चालू शकतं, फक्त दाटपणा किती तो थेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या. पातळ आणि घट्ट एकत्र असलेलं, म्हणजे दुधातला चिवडा, पाणीदार आमटीत तरंगणारी पोळी, आणि कोरडं-भुरभुरीत, म्हणजे पोहे, शेव, कोरडा उपमा, हे सुरुवातीला नकोच. गुरगुट्या भात तूप-मेतकूट घालून, घट्ट वरण, मऊ खिचडी, अंड्याचं मऊ बुर्जी हे बरं.

नाकातून नळी घालायची म्हणाले. म्हणजे आता आशा नाही का?

अजिबात तसं नाही. ही भीती मला रोज ऐकायला मिळते, आणि त्यापायी लोक सही करायला तीन-तीन दिवस लावतात. राईल्स ट्यूब ही तात्पुरती सोय आहे, गिळणं परत येईपर्यंत औषध, पाणी, अन्न सुरक्षित पोचावं म्हणून. बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं आणि नळी निघते. फूड ट्रायलमध्येच ८५९ पेशंटमध्ये नळीचं फीड लवकर सुरू करणं आणि आठवडाभर थांबणं यांची तुलना केली होती, लवकर सुरू केलेल्यांत मृत्यू जवळपास ६ टक्क्यांनी कमी दिसले, हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात नव्हता हे खरं, पण थांबून राहण्यात फायदा दिसला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, गिळता येत नसेल तर नळीसाठी वेळ घालवू नका.

हेही सांगते की याच अभ्यासात वाचलेल्यांपैकी काही जण खूप अपंगत्व घेऊन वाचले. फार गंभीर स्ट्रोक असेल, वय खूप असेल, तर नळीबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पेशंटने आधी काही इच्छा सांगितली होती का ते आठवा. असा विचार केला म्हणून कोणी वाईट मुलगा किंवा मुलगी होत नाही.

आणि पोटातली नळी?

ती 'पेग' नळी, दुर्बिणीतून पोटात बसवतात. नळीची गरज साधारण चार आठवड्यांच्या पुढे जाणार असं दिसलं की तिचा विचार होतो. पहिल्या दिवसांतच ती घालायची घाई नको, अभ्यासात सुरुवातीलाच पेग घातलेल्यांचं निकालाच्या दृष्टीने नाकातल्या नळीपेक्षा बरं झालेलं नाही, उलट थोडं वाईटच झालं.

रोज किती द्यायचं? आम्ही डाळीचं पाणी, नारळपाणी, ज्यूस देतोय.

अंदाजासाठी वजनाच्या दर किलोला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन, आधीच खंगलेला असेल किंवा जखमा असतील तर प्रोटीन दीडपर्यंत. ६० किलोला साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रोटीन. आता हे बघा: नारळपाण्याच्या एका पेल्यात चाळीस-पन्नास कॅलरी आणि प्रोटीन नावालाच. डाळीचं वरचं पाणी म्हणजे डाळ भांड्यात राहिली आणि पेशंटला पिवळं पाणी मिळालं. मोसंबीचा ज्यूस म्हणजे साखरेचं पाणी. दिवसभर दर दोन तासांनी काही ना काही देऊन, घरचे जीव तोडून करतात तरी चारशे-पाचशेच्या वर कॅलरी जात नाहीत, प्रोटीन दहा ग्रॅमसुद्धा नाही. मेहनत पूर्ण आणि पेशंट उपाशी, हे बघून जीव तुटतो.

एक वही करा. वेळ, काय दिलं, किती मिली किंवा किती वाट्या. दोन दिवसांची वही आहारतज्ज्ञाला दाखवली की पाच मिनिटांत कळतं कुठे कमी पडतंय.

डब्यातली पावडर घ्यावी की घरचं? पावडरचा खर्च झेपत नाहीये.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते. ४०० ग्रॅमच्या नेहमीच्या डब्यात साधारण १७०० कॅलरी असतात. म्हणजे पेशंट फक्त त्याच्यावर असेल तर एक डबा एका दिवसात संपायला हवा. डब्याला सातशे-आठशे रुपये धरले तर महिन्याला वीस-पंचवीस हजार झाले. हे परवडत नाही म्हणून लोक काय करतात, तोच डबा पंधरा दिवस पुरवतात, दोन चमचे पेलाभर पाण्यात, आणि समाधान मानतात की पावडर चालू आहे. असं करण्यापेक्षा घरचं फीड कितीतरी चांगलं.

माझा नेहमीचा अंदाजे हिशोब, पूर्ण दिवसाचा, मधुमेह-किडनीचा त्रास नसलेल्या साधारण ६० किलोच्या पेशंटसाठी: टोन्ड दूध १ लिटर, नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, सालाची नसलेली मूग डाळ ५० ग्रॅम, २ अंडी, तेल ३० मिली, गूळ किंवा साखर २५ ग्रॅम. सगळं मिळून सोळाशेच्या आसपास कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या जवळपास प्रोटीन. खर्च साधारण शंभर रुपये, गावाकडे घरचं दूध-अंडी असतील तर अजून कमी. डाळ आणि पीठ पूर्ण शिजवायचं, अंडी उकडून, कच्ची कधीच नाही, मिक्सरमधून बारीक करून गाळून घ्यायचं. नाचणी मोड आणून, वाळवून दळलेली असेल तर फार उत्तम, कारण मोड आलेल्या धान्यामुळे लापशी पातळ होते आणि पाणी न वाढवता नळीतून सहज जाते. अंडी चालत नसतील तर डाळ वाढवा, किंवा पनीर, शेंगदाण्याचं बारीक कूट, सोयाबीनचं पीठ यातून प्रोटीन भरून काढता येतं. यात मीठ, जीवनसत्त्वं किती घालायची, फळं-भाज्या कुठे बसवायच्या हे तुमच्या पेशंटचे रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या, हा हिशोब तसाच उचलून सुरू करू नका.

घरच्या फीडची पथ्यं मात्र कडक पाळायची. हात आणि भांडी स्वच्छ. बनवलेलं फीड बाहेर दोन तासांच्या वर नको, उरलेलं लगेच फ्रिजमध्ये आणि २४ तासांत संपवायचं, फ्रिज नसेल तर थोडं-थोडं ताजं करायचं. एका वेळी २०० ते २५० मिली, दिवसातून सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी आधी आणि नंतर ३० मिली पाणी नळीतून सोडायचं म्हणजे नळी चोकअप होत नाही. पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी, फीड देताना आणि नंतरही अर्धा-पाऊण तास. झोपलेल्या पेशंटला फीड देणं म्हणजे न्यूमोनियाला बोलावणं.

पावडर कधी योग्य? किडनीचा आजार असेल, सारखे जुलाब होत असतील, घरी स्वयंपाक करणारं कोणी नसेल, नळी फार बारीक असेल, किंवा तोंडाने खातोय पण थोडंच जातंय आणि वरून भर हवी असेल तेव्हा. सगळ्यांना सरसकट पावडर देण्याची गरज नाही, फूड ट्रायलच्या ४०२३ पेशंटच्या भागात बहुतेकांचं पोषण मुळात ठीक होतं, आणि अशांना जेवणासोबत सरसकट सप्लिमेंट देऊन फायदा दिसला नाही. पैसे वाचवायचे असतील तर आधी तपासा की पेशंट खरंच कुपोषित आहे का.

आई आठवडाभर काहीच खात नव्हती. आता भरपूर देऊन भरून काढू का?

एकदम भरपूर देऊ नका, यात जिवाला धोका असतो. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून थोडं देऊन चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवत नेतात, सुरुवातीलाच थायमिन म्हणजे बी-१ देतात आणि रक्त तपासत राहतात. पाच दिवसांच्या वर पोटात काही गेलेलं नाही हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ॲडमिट होण्याआधी घरी किती दिवस उपाशी होती तेही.

बेडवरून उठत नाही, वजन करायचं कसं?

जमलं तर ॲडमिट होतानाच करून घ्या, काही हॉस्पिटलांत बेडसकट वजन होतं. नाहीतर शिंप्याच्या टेपने न लुळ्या पडलेल्या हाताच्या दंडाचं मधोमध माप घ्या. २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आलं तर वजन कमी असण्याची शक्यता बरीच आहे. दर पंधरा दिवसांनी त्याच हाताचं, त्याच जागी माप घेऊन वहीत लिहा. बांगड्या सैल होणं, घड्याळाचा पट्टा आतल्या भोकावर जाणं, कवळी हलायला लागणं ह्या खुणाही खऱ्या असतात.

रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, कमी आलं म्हणजे प्रोटीन कमी खाल्लं असा सरळ अर्थ काढू नका, इन्फेक्शन आणि सूज असली तरी ते खाली येतं. त्यासाठी अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या लावून कुपोषण बरं होत नाही.

शुगर आणि बीपी दोन्ही आहे, म्हणून आम्ही भात, दूध, केळं, तूप सगळं बंद केलंय.

मग राहिलं काय? मीठ कमी करा, दिवसाला एका छोट्या चमच्याच्या वर नको, लोणचं-पापड-फरसाण बंद करा, साखर-गूळ टाळा, पण जेवण बंद करू नका. शुगर वाढली तर गोळी किंवा इन्सुलिन बदलता येतं, गेलेला स्नायू परत आणणं फार कठीण असतं. वजन घटत असताना कडक पथ्य पाळणं मला चुकीचं वाटतं. किडनीच्या पेशंटचं मात्र वेगळं, तिथे प्रोटीन आणि पोटॅशियम डॉक्टरांना विचारूनच, नारळपाणीसुद्धा विचारूनच.

हृदयाचे ठोके अनियमित असल्याने ॲसिट्रॉम किंवा वॉरफेरिन हे रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर पालक, मेथी, माठ बंद करायची नाही, रोज साधारण सारख्या प्रमाणात ठेवायची, एकदम वाढवायची नाही आणि एकदम तोडायचीही नाही. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर भाज्यांचा काही प्रश्न नाही.

गोळ्या कुटून नळीतून दिल्या तर चालतं का?

सगळ्या नाही. हळूहळू विरघळणाऱ्या आणि वरून कोटिंग असलेल्या गोळ्या कुटल्या की एकदम जास्त डोस जातो किंवा पोटाला त्रास होतो. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर फीडमुळे ते कमी शोषलं जातं, त्याची वेळ वेगळी ठेवावी लागते. डिस्चार्जच्या आधी प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ही नळीतून चालेल का.

बाबा तोंडाने खातात, पण अर्धं ताट तसंच ठेवतात.

ताटाचा नेमका डावा अर्धा भाग उरतो का बघा. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला की काहींना डावीकडचं जग जाणवतच नाही, त्यांना भाजी दिसत नाही, ते नखरे करत नाहीत. ताट फिरवून द्या. उजवा हात गेलेला असेल तर डाव्या हाताने खायची लाज वाटते, चारचौघांत तर अजूनच, आजोबांच्या पिढीला डाव्या हाताने घास घेणं मनाला पटतच नाही. त्यांना वेगळं, शांत जागी बसवा, चमचा द्या, खोल वाटी द्या, ताटाखाली ओला रुमाल ठेवा म्हणजे ताट सरकत नाही. कवळी हॉस्पिटलच्या पिशवीत तशीच पडलेली असते, ती स्वच्छ करून लावा. जेवणानंतर लुळ्या बाजूच्या गालात घास अडकलाय का बघा आणि दिवसातून दोनदा तोंड साफ करा, तोंडातले जंतू खाली उतरूनच बऱ्याचदा न्यूमोनिया होतो. आणि सतत रडत असतील, कशातच रस नसेल तर डॉक्टरांना सांगा, स्ट्रोकनंतरचं डिप्रेशन फार कॉमन आहे आणि त्याला औषध आहे.

आई एकादशी-चतुर्थी सोडायला तयार नाही.

तिच्या श्रद्धेशी वाद घालू नका, त्या दिवशी दूध, दही, राजगिऱ्याची खीर, शेंगदाण्याची आमटी, पिकलेलं केळं हे मऊ आणि दाट करून द्या. नुसती साबुदाण्याची खिचडी नको, चिकट असते आणि प्रोटीनही नसतं. निर्जळी उपास मात्र नाहीच.

गावात कोणी कबुतराचं रक्त, कोणी काढा पाजायला सांगतंय.

गिळण्याची तपासणी न करता तोंडात ओतलेलं काहीही, साधं गरम पाणीसुद्धा, फुफ्फुसात जाऊ शकतं. रक्त प्यायल्याने किंवा चोळल्याने लकवा बरा होत नाही, इन्फेक्शन होऊ शकतं.

ब्युरोतून मावशी ठेवल्यात, त्या सगळं बघतात.

त्यांना फीड देताना पाठ किती उचलायची, किती वेगाने द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची हे नर्सकडून समोर शिकवून घ्या, आणि घरातल्या एकालाही शिकू द्या. नाकाजवळ नळीवर मार्करने खूण करून ठेवा, खूण पुढे-मागे सरकली असेल तर फीड द्यायचं नाही. नळी निघाली तर घरी परत ढकलू नका.

पैशांची मदत कुठून मिळेल?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतसोबत जोडलेली आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार, यादीतल्या हॉस्पिटलात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, पहिल्याच दिवशी भेटा, नंतर नाही. पॅकेजमध्ये ॲडमिट पेशंटचं जेवणही धरलेलं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, नळीच्या फीडचं काय तेही तिथेच विचारा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाकडे जा. मोठी रक्कम कमी पडत असेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही करता येतो. मेडिक्लेम असेल तर पावडर, डायपर अशा वस्तू बऱ्याच पॉलिसींमध्ये बसत नाहीत, आधीच विचारून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी धक्का बसतो. घरी आल्यावरचा फीडचा खर्च बहुतेक वेळा कुठल्याच योजनेत येत नाही, म्हणून तर घरचं फीड शिकून घ्या असं मी पुन्हा पुन्हा सांगते.

डिस्चार्जच्या दिवशी काय विचारून घ्यायचं?

आजचं वजन किंवा दंडाचं माप कागदावर लिहून घ्या. खाण्याचा दाटपणा कोणता, दिवसाचं एकूण किती मिली, किती कॅलरी, किती प्रोटीन, वरून पाणी किती, हे लिहून घ्या, "सॉफ्ट डाएट" एवढ्याच शब्दावर घरी जाऊ नका. गिळण्याची पुढची तपासणी कधी, नळी कधी बदलायची, फोन कोणाला करायचा हेही.

लगेच हॉस्पिटल कधी गाठायचं?

फीड देताना किंवा नंतर श्वास लागला, ओठ निळसर झाले, सारखा खोकला आणि ताप आला, उलटी झाली आणि छाती घरघरायला लागली, नळीतून रक्त किंवा कॉफीसारखं काळपट आलं, पेशंट नेहमीपेक्षा जास्त गुंगीत गेला, तर फीड थांबवा आणि निघा. तोंड वाकडं, हातात जोर नाही, बोलणं अडखळतंय असं नव्याने दिसलं तर तो दुसरा स्ट्रोक असू शकतो, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा १०८ ला फोन करा आणि तोंडात काहीही घालू नका.

सुधारणा दिसतेय. नळी आणि पावडर कधी बंद करायची?

एका दिवसात बंद करायची नाही. स्पीच थेरपिस्टने परवानगी दिली की दिवसातलं एक जेवण तोंडाने, बाकी नळीतून, मग दोन, असं वाढवत न्यायचं आणि जेवढं तोंडाने जाईल तेवढंच नळीतलं कमी करायचं. तोंडाने गरजेच्या तीन चतुर्थांशाएवढं सलग काही दिवस जायला लागलं, पाणी आणि गोळ्या नीट जायला लागल्या, ताप-खोकला नसला, की नळी काढायचं बोलता येतं. नळी निघाल्यावरचा पहिला महिना वही चालू ठेवा आणि दर आठवड्याला वजन बघा, दोन आठवडे सलग वजन खाली गेलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करा.